भेगेवरची काच

शुक्रवार, १ मार्च

आज खाण बंद केली.

सकाळी मुकादम मला बोगद्याच्या वरच्या उतारावर घेऊन गेला आणि पायाने गवत बाजूला सारून म्हणाला, ही बघा. भेग होती. बोगद्याच्या तोंडाच्या बरोबर डोक्यावर, डोंगराला आडवी, माझा हात मनगटापर्यंत सहज जाईल एवढी. मी पालथी पडून आत बॅटरी मारली. तळ दिसला नाही. अशी भेग जुनी असू शकते, वर्षानुवर्षं आहे तशी राहते. किंवा ती रोज थोडी थोडी रुंदावत असते आणि एक दिवस खालचा सगळा उतार घेऊन जाते. नुसतं बघून सांगता येत नाही.

खाली येऊन आतल्या सगळ्यांना बाहेर बोलावलं. मोठ्या कंपनीत होते तेव्हा अशा वेळी वरच्या साहेबांना फोन करून मोकळी होत असे. इथे वर कोणी नाही. खाण वस्तीतल्या लोकांच्या संस्थेची आणि मी त्यांनी पगारावर ठेवलेली इंजिनियर. पण आत कोणी जायचं आणि कधी, एवढं मात्र मीच ठरवायचं असं रुजू होताना ठरलं होतं. तेव्हा मला ते फार मानाचं वाटलं होतं.

कोणी वाद घातला नाही, हेच जड गेलं. गार, म्हणजे सोनं असलेला पांढरा दगड, कुटणाऱ्या बायकांची प्रमुख म्हणजे मुकादमाची बायको. तिने एवढंच विचारलं, की बावीस तारखेला तपासनीस येणार, तोवर उघडेल ना. मी म्हटलं, प्रयत्न करू.

सगळं घोडं त्या तपासनिसापाशीच अडलंय. आम्ही पारा न वापरता सोनं काढतो. गार कुटून ती पाण्याबरोबर हलत्या टेबलावर सोडायची, हलकी माती वाहून जाते आणि जड सोनं मागे राहतं. तपासनिसाने हे बघून शिक्का दिला, की शहरातला सराफ जादा भाव देणार आणि त्यातून पाण्याची टाकी पुरी होणार. टाकी छातीएवढी उंच होऊन थांबली आहे. वस्तीचा झरा, आधी ही खाण ज्याची होती त्या ठेकेदाराने पारा ओतून नासवलाय, पिण्याचं पाणी बायका टेकडीपलीकडून आणतात. पण शिक्का मिळतो तो चालू खाणीला. बंद खाणीला नाही.

रविवार, ३ मार्च

भेग हलते की नाही हे मोजायचं यंत्र शहरातून मागवलं आहे. वेळ लागेल म्हणाले. तोवर जुनी युक्ती. भेगेच्या दोन्ही काठांवर सिमेंटचे थापटे लावायचे आणि त्यात काचेची पट्टी आडवी रोवायची, ओढ्यावरच्या साकवासारखी. भेग केसभर सरकली तरी काच तडकते.

टाकी बांधणारा गवंडी आला होता. त्याने चार ठिकाणी पट्ट्या बसवल्या आणि थापीच्या टोकाने ओल्या सिमेंटवर तारीख कोरली. माणूस हाताचा साफ आहे. तोंडाने मात्र कायम कुरकुर, सिमेंट बरं नाही, वाळू बरी नाही, जावई तर मुळीच बरा नाही.

संध्याकाळी शाळेच्या खोलीत सगळ्यांना बसवून समजावलं. दोन आठवडे चारही काचा शाबूत राहिल्या तर खाण उघडू. एक जरी तडकली तरी हे तोंड कायमचं सोडायचं आणि डोंगराच्या मागच्या बाजूने नवं खणायचं. काच वाकत नाही, ताणत नाही आणि खोटं बोलत नाही, असं मी म्हटलं. लोकांना ते आवडलं. दोघं-तिघं मान डोलावत पुन्हा म्हणाले, काच खोटं बोलत नाही. एकदा कारण पटलं की लोक नियम पाळतात, हे मी कंपनीतल्या साहेबांना कितीदा सांगितलं होतं.

दादाचा फोन. कंपनीतली जागा अजून रिकामी आहे म्हणे. म्हणाला, तू तिथे लोकांचं भलं करायला गेलीस की दादागिरी करायला? मी म्हटलं, दादा तू, दादागिरी तुझी.

मंगळवार, ५ मार्च

उतारावरून खाली येताना पाय मुरगळला. घोटा टम्म फुगलाय. गवंडी आणि मुकादमाने दोन्ही बाजूंनी धरून खोलीपर्यंत आणलं.

खोली शिवणकाकूंची. त्या मुकादमाच्या थोरल्या बहीण. पुढच्या खोलीत शिलाईयंत्र, मागच्या खोलीत मी. त्यांचा नवरा याच डोंगरात गाडला गेला, ठेकेदाराची खाण होती तेव्हा. त्यानंतर काकूंनी त्या वाटेवर पाऊल टाकलेलं नाही. खाण हा शब्दही तोंडात येत नाही, "तिकडे" म्हणतात. माझा भाऊ तिकडे जातो. तू तिकडून कधी येणार.

त्यांनी घोटा बांधून दिला. गवंडी दारातच उभा होता. म्हणाला, तुम्ही पाय टेकू नका, काचा मी रोज सकाळी बघून येतो. मनावरचं ओझं उतरलं. नाहीतर हा पाय घेऊन चढणार कशी?

शनिवार, ९ मार्च

काचा शाबूत. गवंडी रोज सकाळी येऊन सांगतो. आज आला तेव्हा थोडा घाबरल्यासारखा वाटला, धाप लागली होती. चढ आहेच तसा. चहा दिला तर न पिता गेला.

काम बंद म्हणून काही जण ठेकेदाराच्या ओढ्यावर जायला लागले आहेत. तिथे उघड्या हाताने मातीत पारा मळतात आणि सोनं सुटावं म्हणून तो चुलीवर जाळतात. मुकादम म्हणाला, पोट थांबत नाही बाई. त्याचं बरोबर आहे आणि मला राग आला. बंद करायचा हुकूम मी दिला, पण बंद असताना लोकांनी काय करायचं याचा विचार मी नीट केला नव्हता. आता बायकांना जुन्या ढिगाऱ्यातली गार कुटायला लावली आहे. थोडं थोडं मिळतं.

काकूंच्या पुढच्या खिडकीची काच फुटली. पुठ्ठा लावला आहे. विचारलं तर म्हणाल्या, वाऱ्याने. अंगणात काचेचा एक तुकडा दिसला नाही. काकू फार टापटिपीच्या.

मंगळवार, १२ मार्च

लंगडत गवंड्याच्या घरी जाऊन आले. त्याच्या मुलीला आठवा महिना लागलेला, तरी ती हंडा घेऊन टेकडी चढत होती. बाप ओरडतो, ती ऐकत नाही. जावई ठेकेदाराकडे गेलाय, त्यामुळे ओरडायला एकच माणूस उरलं आहे म्हणाली.

गवंड्याने मला विचारलं, समजा एखादी काच तडकली, तर नवं तोंड पाडायला किती काळ लागेल. मी म्हटलं, मागच्या बाजूला एक जुना आखूड बोगदा आहे, तो साफ करून सोन्याची शीर गाठायची, आणि तपासनीस परत यायला वर्ष. तो म्हणाला, म्हणजे टाकी पुढच्या वर्षी. मी हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, पण भेग जुनीही असू शकते, असं तुम्ही म्हणाला होतात ना. मी म्हटलं, असू शकते. किती बारकाईने ऐकतो हा माणूस.

गुरुवार, १४ मार्च

दोन दिवस वादळी वारा. दारं-खिडक्या लावूनही अंथरुणात लाल धूळ. शिलाईयंत्र चादरीखाली. वर काय झालं असेल या काळजीने जीव टांगणीला लागला होता. गवंडी आला, म्हणाला, चारही शाबूत.

काकूंची दुसरीही काच गेली. या वेळी खरंच वारा होता. त्या दिवसभर गप्प होत्या. जेवायला बसल्या आणि ताट तसंच ठेवून उठल्या. मी विचारलं, काय होतंय? म्हणाल्या, काही नाही, तुझा पाय कधी बरा होणार?

मला वाटतं त्यांना माझी सवय झाली आहे.

रविवार, १७ मार्च

आज काठी घेऊन वर गेले. गवंडी पुढे. म्हणत होता, कशाला त्रास घेता, मी आहे ना. पण उघडायचं तर मी स्वतः बघायलाच हवं.

चारही काचा शाबूत. हात लावून बघितल्या. आजूबाजूचं गवत, दगड, सगळं धुळीने लाल झालं होतं आणि काचा मात्र स्वच्छ, उन्हात चमकत होत्या. गवंडी म्हणाला, रोज पुसतो. असा माणूस मिळायला नशीब लागतं. तिसऱ्या पट्टीवरच्या तारखेचं वळण मला जरा वेगळं वाटलं. पण ओल्या सिमेंटवर अक्षर कसंही येतं. भेग मला थोडी रुंद वाटली, मग मनात आलं, पहिल्या दिवशी मी घाबरलेली होते, मोजली कुठे होती? मनगट घालून बघितलं होतं, एवढंच.

मी गवंड्याला म्हटलं, छान. तो माझ्याकडे बघत राहिला. मग खाली मान घालून उतरायला लागला.

सोमवार, १८ मार्च

यंत्र अजून आलेलं नाही. फोन केला, म्हणाले, पुढच्या आठवड्यात नक्की. पुढच्या आठवड्यात तपासनीस येऊन गेलेला असेल.

खरं तर थांबायला हवं. कंपनीत असते तर मीच म्हटलं असतं, यंत्राशिवाय नाही. पण मग दोन आठवड्यांच्या कसोटीला अर्थ काय? लोकांना शब्द दिला होता. त्यांनी पाळला, आता मी फिरवू? सकाळपासून हो-नाही, हो-नाही चाललं होतं. दुपारी ठेकेदाराच्या ट्रकमध्ये आमचे आणखी दोघं बसलेले दिसले आणि ठरवलं. उद्या उघडायची.

शाळेच्या खोलीत सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. आत आधी कोण जाणार यावर गवंडी उठून म्हणाला, पहिल्या दिवशी तरुण नकोत, म्हाताऱ्यांना आधी मान द्या. सगळे हसले. तो स्वतः यायला तयार झाला, दुसऱ्या वळणावरची भिंत त्याला बांधून काढायचीच आहे. मुकादम आणि आणखी तिघं. मीच किती दिवस भीती बाळगून होते आणि हा माणूस पुढे होऊन नाव देतो.

मंगळवार, १९ मार्च

रात्र झाली आहे, आता लिहिते.

सकाळी पाच जण आत गेले. मी तोंडाशी उभी होते. बायका कुटायच्या जागी बसल्या होत्या, गाणी नाहीत, पण गप्पा चालल्या होत्या. अचानक त्या थांबल्या. मी वळून बघितलं तर वाटेवर काकू.

त्या पायात चप्पल न घालता आल्या होत्या. मुकादमाची बायको उठून उभी राहिली, म्हणाली, वन्सं, तुम्ही इथे? काकूंनी तिच्याकडे बघितलंही नाही. सरळ माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "त्या काचा माझ्या खिडकीच्या आहेत."

मला क्षणभर कळलंच नाही. कुठल्या काचा, कुठली खिडकी. मग एकदम सगळं कळलं. धाप लागलेला गवंडी, पुठ्ठे, चमकणाऱ्या पट्ट्या.

"दोनदा मागितल्या त्याने. मी दिल्या," काकू म्हणाल्या. "माझा भाऊ आत आहे. त्याला बाहेर काढ."

तोंडाशी टांगलेल्या लोखंडावर मी घण मारला. तीन ठोके म्हणजे सगळ्यांनी बाहेर यायचं. पुन्हा मारले. कोणी आलं नाही. मग आठवलं, मीच सकाळी सांगितलं होतं, आज एकदा सराव म्हणून ठोके देऊन बघणार आहे. ते आत हत्यारं आवरत असणार, सावकाश.

मी दिवा घेऊन आत गेले. घोटा दुखत होता की नाही ते आठवत नाही. पहिल्या वळणावरच्या लाकडी खांबाकडे बघितलं. त्याच्या सालीला उभी चीर गेली होती आणि वरून बारीक माती पडत होती, गव्हाच्या पोत्याला भोक पडल्यासारखी. दुसऱ्या वळणावर ते पाचही जण. मुकादम पहारी मोजून बांधत होता. म्हणाला, आलोच बाई, सराव आहे ना? मी म्हटलं, सराव नाही. गवंड्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हातातली थापी टाकून दिली. त्याने मुकादमाला खांद्याला धरून ढकललं. आम्ही वाकून पळत होतो आणि मला फक्त आमच्या सगळ्यांच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता.

बाहेर आलो. सगळे. मी दोनदा मोजले.

डोंगर पडला नाही. आम्ही तासभर लांब उभे राहून बघत होतो. काहीच झालं नाही, कावळे येऊन बोगद्याच्या तोंडावर बसले. एक म्हातारा म्हणाला, उगीच पळवलं.

बुधवार, २० मार्च

सकाळी वर जाऊन बघितलं. काल उघडायच्या दिवशी शाबूत असलेल्या चारपैकी दोन काचा रात्रीत तडकल्या आहेत.

गवंडी त्याच्या अर्ध्या टाकीपाशी बसला होता. मी खूप काही बोलायचं ठरवून गेले होते. आधी त्यालाच विचारलं, का केलंस. म्हणाला, पहिली तडकली तेव्हा वाटलं, आपल्याच बसवण्यात चूक झाली असेल, बदलून बघू. मग दुसरी. मग बदलतच गेला. मुलगी, पाणी, टाकी हे सगळं त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मी म्हटलं, पाच माणसं मेली असती. तो म्हणाला, म्हणून तर मी त्यांच्यात होतो.

मग म्हणाला, "तुम्ही वर आलात तेव्हा मला वाटलं, आता पकडला गेलो. तुम्ही काचेला हात लावलात, सिमेंटला लावलात. ते आतून ओलं होतं बाई. आणि तुम्ही छान म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि तुम्हालाही तेच हवंय."

मी म्हटलं, मला कळलं नव्हतं.

तो म्हणाला, बरं.

दिवसभर ते "बरं" माझ्या डोक्यात आहे. मी त्या सिमेंटला हात लावला होता, हे खरं आहे. ते गार लागलं होतं. गार का लागलं, हे मी स्वतःला विचारलं नाही.

शुक्रवार, २२ मार्च

तपासनीस आला. सभ्य माणूस, बुटांवर धूळ बसली की वाकून झटकत होता. मुकादम, त्याची बायको आणि संस्थेचे आणखी काही जण काल येऊन सांगून गेले होते की भेग दाखवा, पण काचांची गोष्ट सांगू नका. दुरुस्तीसाठी बंद आहे म्हणा, टेबल दाखवा, कुटायची जागा दाखवा, कदाचित निभावेल. वाईट सल्ला नव्हता. निभावलंही असतं.

मी सगळं सांगितलं. गवंड्याचं नाव घेतलं नाही, काकूंचंही नाही. म्हटलं, काचा बदलल्या गेल्या, मी तपासल्या आणि मला ते कळलं नाही, आणि त्या भरवशावर मी माणसं आत पाठवली. त्याने विचारलं, कळायला हवं होतं का? मी म्हटलं, हो.

शिक्का नाही. वर्षभराने पुन्हा अर्ज. जाताना तो म्हणाला, तुम्ही सांगितलं नसतं तर बहुधा दिला असता. हे त्याने कशासाठी सांगितलं, मला माहीत नाही.

शनिवार, ३० मार्च

वस्तीत माझ्याशी कोणी भांडत नाही. भांडले असते तर बरं. दुकानात गेले की बोलणं थांबतं. निम्मे लोक ठेकेदाराच्या ओढ्यावर गेले. टाकीत कोणाच्या तरी शेळ्या बांधलेल्या असतात.

काकूंचं जास्त वाईट झालं. डोंगर पडला नाही आणि त्यांच्या एका वाक्यामुळे शिक्का गेला, असा हिशेब लोकांनी मांडला आहे. शिलाईला कापड येणं बंद. भावजय रस्त्यावर दिसली की तोंड फिरवते. भाऊ येतो, दारात उभा राहतो, तब्येत विचारून जातो. काल काकू यंत्राला तेल घालत होत्या, शिवायला काही नसताना. मी म्हटलं, माझ्यामुळे झालं. त्या म्हणाल्या, तुझ्यामुळे कसं? काचा मी दिल्या, सांगितलं मी. तू मधे मधे येऊ नकोस.

थोडं हसू आलं दोघींना.

दादाला फोन केला. जागा भरली गेली आहे. म्हणाला, तरी ये घरी. वहिनीने मागून काहीतरी सांगितलं, मग म्हणाला, तुझी खोली झाडून ठेवली आहे. मी म्हटलं, कळवते. बॅगेत दोन-चार कपडे भरलेही.

रविवार, ७ एप्रिल

डोंगर पडला.

दुपारी जेवणं चालली होती. आधी आवाज आला नाही, आधी जमीन हलली, ताटातलं पाणी थरथरलं. मग लांब कोणीतरी पोत्यांची थप्पी ओढतंय तसा आवाज, आणि तो थांबेच ना. आम्ही सगळे बाहेर धावलो. भेगेखालचा सगळा उतार, झाडांसकट, सरकून खाली आला होता. बोगद्याचं तोंड कुठे होतं ते दाखवता येणार नाही. लोखंड, पहिल्या वळणापर्यंतचे खांब, बायकांची कुटायची जागा, सगळं मातीखाली. सुट्टी होती, जवळ कोणी नव्हतं. एक शेळी गेली.

लोक उभे होते. कोणी माझ्याकडे बघितलं नाही, मीही कोणाकडे नाही. माझं बरोबर होतं असं क्षणभरही मनात आलं नाही. एवढंच दिसत होतं की एकोणीस तारखेला पाच माणसं आत होती आणि त्यांना मी पाठवलं होतं.

गवंडी रस्त्याच्या कडेला मटकन बसला. त्याची मुलगी, आता अवघडून चालणारी, त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी मुकादमाची बायको आमच्या दारात आली. हातात ब्लाउजचं कापड. म्हणाली, वन्सं, बाह्या जरा सैल ठेवा. काकूंनी टेप घेतली आणि तिचं माप घ्यायला लागल्या. दोघी रडत नव्हत्या. पण माप घ्यायला फार वेळ लागला.

मंगळवार, ९ एप्रिल

शाळेच्या खोलीत सगळे जमले, ओढ्यावर गेलेले सुद्धा. बॅग भरलेली आहे हे मी आधीच सांगून टाकलं. तुम्ही म्हणाल तर जाते.

मग मुकादम म्हणाला, ते नंतर बोलू, आधी मागच्या बाजूच्या जुन्या बोगद्याचं सांगा. यंत्र कालच आलं होतं, खोक्यातच होतं. मी सांगायला लागले. मग थांबले आणि विचारलं, यंत्रावर नजर कोण ठेवणार? एकटी मी पुरत नाही, हे आपण बघितलं.

मीच गवंड्याचं नाव सुचवलं. खोलीत कुजबुज झाली. गवंडी म्हणाला, नको, मी नको. कोपऱ्यातून काकू म्हणाल्या, "त्यालाच ठेवा. पण सोबत खाणीवर मी जाणार." त्या खाणीवर जाणार म्हणाल्या आणि "तिकडे" म्हणाल्या नाहीत. तसंच ठरलं.

शेवटी मुकादमाची बायको उठली. तिला सभेत बोलताना मी कमी ऐकलंय. तिने माझ्यावर आरोप केला नाही. शांतपणे म्हणाली, एक नियम करा. ज्याने खाण उघडायची म्हटलं, त्याने पहिल्या दिवशी पूर्ण पाळी आत बसायचं. सगळ्यात पुढे, शेवटच्या वळणावर. मग तो कोणी असो.

हात वर झाले. माझाही. बॅगेचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

सोमवार, २९ एप्रिल

गवंड्याला नात झाली. तो म्हणतो, नाक जावयावर गेलंय, बाकी बरी आहे.

जुना बोगदा निम्मा साफ. आत खडक चांगला, ठोकला की खणखणीत वाजतो. ओढ्यावरून काही जण परत आले, सगळे नाही. जावई आला. त्याच्या हाताची बोटं थरथरतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. दवाखान्यात न्यायचं आहे. टाकीतल्या शेळ्या काढल्या, पण वर एक वीटही चढलेली नाही. पाणी अजून टेकडीपलीकडूनच येतं.

काकू आणि गवंडी रोज सकाळी यंत्र बघून येतात. जाताना भांडत, येताना भांडत. आकडा दोघं वेगवेगळे येऊन सांगतात, एकमेकांना न विचारता. ही काकूंची अट.

मंगळवार, २१ मे

आज नवं तोंड उघडायचं होतं. मीच तारीख दिली होती, म्हणजे नियमाप्रमाणे माझी पाळी.

सकाळी उठल्या उठल्या निघाले. वर जाऊन यंत्र बघितलं. आकडा कालच्यापेक्षा किंचित वेगळा. एवढा फरक उन्हातान्हाने पडतो, हे मला माहीत आहे, मीच काकूंना शिकवलंय. खाली आले. हेल्मेट घातलं, दिवा बांधला. मग पुन्हा वर गेले. पुन्हा तोच आकडा. आत जाऊन पहिले चार खांब ठोकून बघितले. तिसऱ्या खांबाची पाचर मला सैल वाटली. मुकादम म्हणाला, घट्ट आहे. मी म्हटलं, बदलू या. बदलली. पुन्हा वर गेले.

बाहेर सगळे उन्हात उभे होते. मी येऊन म्हटलं, आज नाही. उद्याचा आकडा बघू आणि मग ठरवू.

मला वाटलं होतं, आता बोलणी खावी लागणार. मुकादमाच्या बायकोने आधी ओठ दाबून धरले, मग तिला हसू आवरेना. बाकीच्या बायकाही हसायला लागल्या. मुकादम दुसरीकडे बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते.

मी विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे.

"काही नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "मागच्या वेळी उघडायच्या आधी तुम्ही एकदाच वर गेला होतात."

मी हेल्मेट काढून दगडावर ठेवलं आणि त्यांच्यात जाऊन बसले. कोणीतरी डबा उघडला होता. मला भूक लागली होती, सकाळपासून पोटात काही गेलं नव्हतं.